जेम्स मॅडिसन विद्यापीठासाठीचं दार बंद होतंय: कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये जागा कुणाला मिळावी?

निळं_मैदान (बॉयझी, आयडाहो)

सोमवारी, १९ जानेवारी २०२६ ला इंडियाना विद्यापीठानं मायामीला २७-२१ असं हरवलं आणि सोळापैकी सोळा सामने जिंकून कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. वर्षानुवर्षं फक्त हरण्यासाठी ओळखलं जाणारं हे विद्यापीठ. मला मनापासून आनंद झाला. पण या जल्लोषात एका बदलाबद्दल फार कुणी बोलत नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचं, अमेरिकन. वरच्या गटात १३६ विद्यापीठं आहेत, वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटांत वाटलेली. नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने येतात, त्यामुळे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. डिसेंबरात १३ जणांची निवड समिती क्रमवारी लावते आणि १२ संघ प्लेऑफला जातात. २०२४ आणि २०२५ च्या मोसमात नियम असा होता की कॉन्फरन्सच्या विजेत्यांपैकी क्रमवारीत सगळ्यात वर असलेले पाच आत, आणि उरलेल्या सात जागा क्रमवारीप्रमाणे. विजेता बड्या कॉन्फरन्सचा आहे की लहान, हे नियम विचारत नव्हता.

या मोसमात त्या नियमाची खरी परीक्षा झाली. एसीसी ही चार बड्या कॉन्फरन्सपैकी एक. (बाकीच्या तीन म्हणजे एसईसी, बिग टेन आणि बिग १२.) तिचं विजेतेपद ड्यूककडे गेलं. पण ड्यूक पाच सामने हरलं होतं आणि क्रमवारीत बरंच मागं होतं. त्याच्या वर टुलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन लहान कॉन्फरन्सचे विजेते होते, म्हणून ते दोघं आत गेले. याच टुलेननं सप्टेंबरात ड्यूकला ३४-२७ असं हरवलेलं. नियम लिहिला होता तसाच चालला.

आता २०२६ पासून चारही बड्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांची जागा पक्की, मग क्रमवारीत ते कुठेही असोत. बाकी सगळ्या कॉन्फरन्स मिळून एकच पक्की जागा. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, तरी पहिल्या बारांत असेल तर त्याचीही जागा पक्की. हा नियम या वर्षी असता, तर ड्यूक प्लेऑफमध्ये दिसलं असतं आणि तेरापैकी बारा सामने जिंकलेलं जेम्स मॅडिसन घरी बसलं असतं.

मला हे एवढं का लागतं? मी २००६ च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी बॉयझीला आलो. इथल्या विद्यापीठाचं मैदान निळ्या रंगाचं आहे, तेवढंच मला माहीत. १ जानेवारी २००७ च्या रात्री शेजाऱ्यानं घरी बोलावलं, फिएस्टा बोल बघायला. (बोल म्हणजे मोसमाअखेरचे मानाचे सामने.) बॉयझी स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा. शेवटची १८ सेकंदं उरली होती, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, १८ यार्ड हवे होते, आणि आमची पोरं सात गुणांनी मागं. एकानं चेंडू झेलला आणि पळत येणाऱ्या दुसऱ्याच्या हातात दिला, तो थेट शेवटच्या रेषेपार. सामना जादा वेळेत गेला, आणि दोन गुणांच्या एका धाडसी डावावर ४३-४२ असा संपला. मला अर्धे नियम कळत नव्हते, पण त्या दिवाणखान्यात सत्तरीतले आजोबा रडत होते ते कळत होतं.

त्या मोसमात सगळ्या देशात एकही सामना न हरलेला एकच संघ उरला होता, तो आमचा. शेवटच्या क्रमवारीत त्याला पाचवा नंबर मिळाला. २००९ च्या मोसमात पुन्हा सगळे सामने जिंकले. तेव्हा फिएस्टा बोलमध्ये आमच्यासमोर टीसीयूला उभं केलं, तोही न हरलेला, तोही लहान कॉन्फरन्सचा. दोन लहानांना आपसात लढवलं, म्हणजे कुठल्याही बड्या संघाला धोकाच नको. आम्ही १७-१० नं जिंकलो, १४-० वर (चौदा विजय, शून्य पराभव) मोसम संपवला, नंबर चौथा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मोसमाच्या पहिल्या दिवशी मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं की सगळे सामने जिंकले तर चषकापर्यंत जाता येतं, मध्ये कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. लहान कॉन्फरन्सचे दोन विजेते वरच्या नंबरावर असतील तर दोघांनाही घ्या. २०२५ चा नियम ठेवा.

कोलंबसकर

तुमची तळमळ पोचली, आणि २००७ चा तो सामना मी आजही अधूनमधून लावून बघतो. पण मी तुमच्या बाजूनं मत देऊ शकत नाही.

प्लेऑफमध्ये जेम्स मॅडिसन ओरेगनला गेलं तेव्हा मध्यंतराला ३४-६ असं मागं होतं. टुलेन ओल मिसकडून ४१-१० हरलं. आणि हेच ओल मिस, हेच टुलेन सप्टेंबरात एकमेकांशी खेळले होते, तेव्हा निकाल ४५-१० होता. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न पुन्हा विचारण्यात देशातल्या बारापैकी एक जागा गेली.

आता बाहेर कोण राहिलं ते बघा. नोटर डेम दोन सामने हरलं. मायामीशी २७-२४ आणि टेक्सस ए अँड एमशी ४१-४०. दोन पराभव मिळून चार गुणांचा फरक, दोन्ही प्रतिस्पर्धी प्लेऑफमध्ये गेले, एक तर अंतिम सामन्यात. त्यानंतर नोटर डेमनं ओळीनं दहा सामने जिंकले. त्या पोरांच्या न्यायाचं काय? तुम्ही म्हणता प्रत्येकाला रस्ता हवा. त्यांनी जड सामने घेतले म्हणून त्यांचा रस्ता बंद झाला. ऑगस्टच्या अखेरीला मायामीऐवजी एखाद्या कमकुवत संघाला बोलावलं असतं तर ते आज आत असते. हा धडा बाकीच्यांनी घेतला तर सप्टेंबरातले मोठे सामने संपतील.

मी ओहायो स्टेटचा माजी विद्यार्थी, हे आधीच सांगतो. आमचा संघ २०२४ मध्ये ओरेगनशी ३२-३१ हरला, मिशिगनशी घरच्या मैदानावर १३-१० हरला, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही नव्हता. आठवं मानांकन घेऊन प्लेऑफला गेला आणि चषक घेऊन आला. आधी, २०२३ पर्यंत, प्लेऑफला चारच संघ जायचे, त्या पद्धतीत आम्हाला कुणी उभं केलं नसतं. पराभवांची संख्या संघाची ताकद सांगत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. तेरापैकी बारा जिंकले म्हणता, तर ते बारा कुणाविरुद्ध जिंकले हे विचारायलाच हवं. तुमच्याच बॉयझीनं या मोसमाची सुरुवात साउथ फ्लोरिडाकडून ३४-७ हरून केली, पुढे नोटर डेमकडून २८-७. आणि तरी आपली कॉन्फरन्स जिंकली.

टॅलाहासीची_आई

कोलंबसकर, "कुणाविरुद्ध जिंकले ते विचारा" हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि आमच्या बाबतीत त्याचं उत्तर दिलं तरी उपयोग झाला नाही.

माझा मुलगा फ्लोरिडा स्टेटच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. २०२३ चा मोसम. तेव्हा प्लेऑफला चारच संघ जायचे. नोव्हेंबरात आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्यानंतरही पोरांनी फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर हरवलं. एसीसीच्या अंतिम सामन्यात तर तिसऱ्या फळीतला, पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक खेळवून लुईव्हिलला १६-६ नं हरवलं. १३-०. बड्या कॉन्फरन्सचा विजेता, एकही पराभव नाही. ३ डिसेंबरला दुपारी टीव्हीवर नावं जाहीर झाली आणि आम्ही पाचवे. एक सामना हरलेलं अलाबामा आत. त्याआधी बड्या कॉन्फरन्सचा न हरलेला विजेता चारांतून कधीच वगळला गेला नव्हता.

कारण काय दिलं? मुख्य क्वार्टरबॅकशिवाय हा संघ आता तसा राहिला नाही. अहो, त्याच्याशिवाय खेळूनच तर कॉन्फरन्स जिंकली! कोण जिंकलं यापेक्षा कोण जिंकू शकेल असं तेरा माणसांना वाटतं, त्यावर निकाल लागला. मुलानं फोन केला तेव्हा तो काही बोलतच नव्हता. मागून बँडमधल्या मुलींच्या रडण्याचा आवाज येत होता.

पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियानं आम्हाला ६३-३ असं हरवलं, आणि लोक म्हणाले, बघा, समिती बरोबर होती. तोवर आमचे किती खेळाडू संघ सोडून गेले होते किंवा न खेळता बसले होते, ते कुणी मोजलं नाही. ज्या सामन्याला अर्थच उरला नव्हता, त्याचा पुरावा करू नका.

निळं_मैदान, तुमच्याशी मात्र माझा एक वाद आहे. तुम्ही याला लहान विरुद्ध मोठे असा रंग देताय. आम्ही लहान नव्हतो, तरी बाहेर राहिलो. दुखणं समितीच्या हातात किती जागा आहेत, हे आहे. माझ्या मते चार बड्या विजेत्यांना पक्की जागा देणारा नवा नियम चांगलाच आहे. तो २०२३ ला असता तर माझ्या मुलाचा बँड जानेवारीत वाजला असता.

धंतोलीकर

मला या खेळातलं फार कळत नाही, मुलगी पर्ड्यूला शिकते म्हणून वाचतोय. पण एक विचारू का? आपल्याकडे रणजीत एलिट आणि प्लेट असे गट आहेत, प्लेटमध्ये जिंकलं की वर जाता येतं. विदर्भाला वर्षानुवर्षं कुणी गणतीत धरत नव्हतं. आम्ही नागपूरचे लोकसुद्धा मुंबईचेच स्कोअर बघायचो. २०१७-१८ ला विदर्भानं दिल्लीला हरवून रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा, २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. आधीच्या पराभवांवरून "यांना घेऊ नका" असं कुणी म्हटलं असतं तर आम्हाला हे दिवस दिसले असते का? तिथं खालच्या संघाला खेळून वर चढायची काहीच सोय नाही?

आकडेमोड

धंतोलीकर, नाही. कॉन्फरन्स हे आपसातले करार आहेत. बोलावणं आलं तर वर जाता येतं, जिंकून नाही. बॉयझी स्टेट २०२६ च्या उन्हाळ्यात माउंटन वेस्ट ही आपली कॉन्फरन्स सोडून नव्यानं उभ्या राहणाऱ्या पॅक-१२ मध्ये जातंय, तेही बोलावण्यावरच. आणि नव्या नियमात त्या पॅक-१२ ला पक्की जागा नाही, ते उरलेल्या एका जागेसाठीच्या रांगेत.

आता टॅलाहासीच्या आईंना, आदर ठेवून. विजेत्याला पक्की जागा म्हणजे मैदानावरचा न्याय, असं तुम्ही आणि निळं_मैदान दोघंही धरून चालताय. ड्यूक विजेतं झालं कसं ते बघा. एसीसीत १७ संघ आणि प्रत्येकाला कॉन्फरन्समधले फक्त आठ सामने. सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. व्हर्जिनिया पहिलं आलं, दुसऱ्या जागेसाठी पाच संघ बरोबरीत. त्यांच्यातला तिढा सोडवायच्या कलमांनी ड्यूकला वर काढलं. त्या पाचांत मायामीही होतं. म्हणजे जो संघ शेवटी देशाच्या अंतिम सामन्यात पोचला, तो आपल्याच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नव्हता. मायामीला आत कुणी घेतलं? समितीनं. नुसत्या विजेत्यांचं ऐकलं असतं तर मायामी घरी आणि ड्यूक प्लेऑफला.

१३६ संघ आणि बारा बारा सामने, एवढ्या थोड्या माहितीवर कुणीही क्रम लावला तरी त्यात मत मिसळणारच. जुन्या बीसीएसमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या आधी अंतिम सामन्याचे संघ ठरवायच्या पद्धतीत, एक तृतीयांश वजन संगणकाच्या क्रमवारीला होतं, लोक त्यावरही तेवढेच चिडायचे. मी २०२५ चा नियम पसंत करतो, पण निळं_मैदान यांच्या कारणासाठी नाही. त्यात दोन्ही गोष्टी होत्या. जिंकणं हवं, आणि बऱ्यापैकी नंबरही हवा. ड्यूक अडकलं ते दुसऱ्या अटीत, आणि ते योग्यच होतं.

निळं_मैदान

कोलंबसकर, मोठ्या फरकानं हरण्याबद्दल. चार संघांच्या काळात २०१५ ला मिशिगन स्टेट अलाबामाकडून ३८-० हरलं. २०१६ ला तुमचं ओहायो स्टेट क्लेमसनकडून ३१-०. २०१९ ला ओक्लाहोमा एलएसयूकडून ६३-२८. याच महिन्यात इंडियानानं अलाबामाला ३८-३ असं हरवलं. यातल्या कुठल्या सामन्यानंतर कुणी म्हटलं की बिग टेनला किंवा एसईसीला पुढच्या वेळी जागा देऊ नका? एकानंही नाही. मोठा संघ असा हरला की तो त्या दिवसापुरता वाईट खेळला, आणि लहान हरला की सगळ्या लहानांची लायकी ठरली. मला त्रास होतो तो याचा.

तुलनेला घ्यायचं तर २०२४ चं बॉयझी घ्या. आमचा ॲश्टन जेंटी चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला तो मोसम. प्लेऑफपर्यंत एकच सामना हरलो, ओरेगनच्या मैदानावर ३७-३४, शेवटच्या क्षणी त्यांनी फील्ड गोल (लाथेनं खांबांमधून मारलेला, तीन गुणांचा) मारला म्हणून. ते ओरेगन डिसेंबरात १३-० होतं आणि त्याला पहिलं मानांकन मिळालं. आम्ही उपांत्यपूर्व फेरीत पेन स्टेटकडून ३१-१४ हरलो, कबूल. त्या वर्षी वरच्या चार कॉन्फरन्स-विजेत्यांना पहिली फेरी न खेळता थेट या फेरीत प्रवेश होता. ते चारही हरले, ओरेगन आणि जॉर्जियासकट. पण बोभाटा झाला तो आमचा आणि ॲरिझोना स्टेटचा, की यांना थेट प्रवेश कसा दिला. एका मोसमात तो नियम बदलला. ॲरिझोना स्टेट तर टेक्ससशी दोन जादा वेळा खेळून ३९-३१ हरलं होतं!

जड सामने घ्या म्हणता. कुणाशी घ्यायचे? आम्ही २०१० ला व्हर्जिनिया टेकशी त्यांच्या घराजवळ जाऊन खेळलो, २०११ ला जॉर्जियाशी अटलांटात जाऊन. दोन्ही जिंकलो. आमच्या निळ्या मैदानावर यायला किती जण तयार होतात? ओरेगन आलं होतं २००९ ला, १९-८ हरून गेलं. तुमच्या वेळापत्रकातली सोपी नावं तुम्ही निवडता. आम्हाला अवघड नावं निवडायची मुभाच मिळत नाही, आणि मग वेळापत्रक सोपं म्हणून आम्हीच दोषी.

आणि इंडियानाबद्दल बोलायचं राहिलंच. कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक दोन वर्षांपूर्वी आले कुठून? जेम्स मॅडिसनहून. येताना तिथले बरेच खेळाडू बरोबर आले. सोमवारी मैदानावर त्यातले काही जण होते. म्हणजे ही माणसं जेम्स मॅडिसनच्या जांभळ्या कपड्यांत होती तेव्हा लायकी नव्हती, आणि लाल कपडे घातल्यावर आली?

कोलंबसकर

सिग्नेटींचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं असं मला वाटतं. आता खेळाडू दर वर्षी ट्रान्सफर पोर्टलमधून विद्यापीठ बदलू शकतो. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ या वर्षासाठी एकूण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. जेम्स मॅडिसनला एखादा चांगला मुलगा सापडला की वर्षभरात तो बड्या विद्यापीठात. २००६ च्या बॉयझीत चार चार वर्षं एकत्र खेळून घडलेला संघ होता. तसा संघ आज लहान गावात टिकूच शकत नाही. तुम्ही दार उघडं ठेवायला सांगताय, पण त्या दारातून येऊ शकणारी माणसं आधीच मागच्या गल्लीतून बाहेर गेलेली असतात. मला याचं दुःखच आहे. पण प्लेऑफच्या नियमानं ते परत येणार नाहीत.

हिशेबी

सगळे चषकाबद्दल बोलताहेत, मी पैशांबद्दल बोलते, कारण नियम तिथून येतात. २०२६ पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा प्लेऑफ दाखवायचा नवा करार सुरू होतो, सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर. त्यातल्या वाटपात एसईसी आणि बिग टेन या दोघांचाच वाटा सुमारे ५८ टक्के. एसीसी सुमारे १७, बिग १२ सुमारे १५. लहान कॉन्फरन्स सगळ्या मिळून सुमारे ९. प्लेऑफला पोचलं की कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर अशी २०२४ ला पद्धत होती. तेव्हा एक जागा कमी झाली म्हणजे कुठेतरी एखादा प्रशिक्षक, एखादा फिजिओ, मुलींच्या एखाद्या संघाचा प्रवासखर्च गेला. हे धोरण म्हणून ठरतंय, चुकून होत नाहीये.

पण मी निळं_मैदान यांच्याही बाजूची नाही. जेम्स मॅडिसनच्या खेळांचा मोठा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. फुटबॉल न बघणारी मुलगीही तो भरते. आणि हेच जेम्स मॅडिसन खालच्या गटात, एफसीएसमध्ये असताना २००४ आणि २०१६ ला राष्ट्रीय विजेतं झालं होतं. तिथं २४ संघांचा प्लेऑफ असतो, अनेक कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जागा. ते विजेतेपद खोटं होतं का? लहान कॉन्फरन्सनी आपला वेगळा प्लेऑफ काढावा, ही सूचना बऱ्याच दिवसांपासून फिरतेय. मला ती शहाणपणाची वाटते. ज्या शर्यतीत पैसा शंभर पावलं पुढे उभा आहे, तिच्यात मुलांच्या फीवर धावायचं कशाला?

शेनांडोआ_२७

मी जेम्स मॅडिसनला शिकते, हॅरिसनबर्गमध्ये. ती फी मी भरते, म्हणजे आईबाबा भरतात, म्हणून हिशेबी यांना उत्तर देते.

फीबद्दल तुम्ही बरोबर आहात. आमच्या वर्गातही यावर भांडणं होतात, आणि विद्यापीठानं तो आकडा बिलावर ठळक छापावा असं माझं मत आहे. पण वेगळ्या प्लेऑफला माझा विरोध आहे. आम्ही २०२२ ला वरच्या गटात आलो तेव्हा नियमानं दोन वर्षं कॉन्फरन्सच्या विजेतेपदासाठी खेळायलाच बंदी होती. २०२३ ला बारापैकी अकरा सामने जिंकले तरी कॉन्फरन्सचा अंतिम सामना नाही. त्या वर्षीचे चौथ्या वर्षाचे खेळाडू तसेच पदवी घेऊन गेले. दोन वर्षं दाराबाहेर थांबलो, तिसऱ्या वर्षी नियमात बसलो, चौथ्या वर्षी आत गेलो. आता म्हणताय, पलीकडे तुमच्यासाठी वेगळी खोली बांधतो.

ओरेगनचा सामना आम्ही सात जणींनी एका खोलीत बघितला. बाहेर थंडी. मध्यंतराला ३४-६ झाल्यावर दोघी उठून गेल्या. कोलंबसकरांनी तिथपर्यंतचाच आकडा दिलाय. शेवटचा आकडा ५१-३४ आहे. दुसऱ्या अर्ध्यात आमचे २८ गुण, ओरेगनचे १७. त्यांनी हात सैल सोडला असेल, मान्य. पण आमच्यासमोर ओरेगनच होतं, त्यांच्याच मैदानावर, आणि आमच्या पोरांनी खेळणं थांबवलं नाही. मला ते बघायला मिळालं. टुलेन क्रमवारीत आमच्या वर होतं, म्हणून नव्या नियमात ते मिळालं नसतं, एवढाच माझा मुद्दा आहे.

कोलंबसकर

शेनांडोआ, तो शेवटचा आकडा मी लिहायला हवा होता. चूक माझी.

माझ्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, पण एक सांगतो. गेल्या वर्षी सोळा संघांचा एक प्रस्ताव आला होता, बिग टेनला चार पक्क्या जागा, एसईसीला चार, एसीसी आणि बिग १२ ला दोन दोन, उरलेल्या सगळ्यांना एक. मी बिग टेनचा माणूस, आमच्याच कॉन्फरन्सला तो सगळ्यात जास्त हवा होता, आणि मला तो आवडला नाही. चौथ्या नंबरावर येऊन जागा पक्की होणार असेल, तर मिशिगनविरुद्धच्या नोव्हेंबरातल्या सामन्याला कुणी जीव तोडून खेळेल का? दुसरा प्रस्ताव होता, सोळा संघ, त्यात क्रमवारीतले वरचे पाच विजेते आणि बाकी अकरा जागा खुल्या. त्यात नोटर डेमही बसतं आणि जेम्स मॅडिसनही. तो आला तर मी तुमच्याबरोबर सही करतो.

टॅलाहासीची_आई

वरचे पाच विजेते म्हणजे पुन्हा क्रमवारी, आणि क्रमवारी म्हणजे पुन्हा तेच तेरा जण. मी सही करणार नाही. न हरलेला विजेता असेल तर त्याला नंबर न बघता जागा, मग कॉन्फरन्स कुठलीही असो, एवढं एक कलम आधी घाला.

निळं_मैदान

आई, ते कलम मी आनंदानं घालतो. बॉयझीचं २००६ आणि २००९, तुमचं २०२३, आणि २०१७ चं सेंट्रल फ्लोरिडा. त्यांनी ज्या ऑबर्नला पीच बोलमध्ये ३४-२७ नं हरवलं, त्या ऑबर्ननं त्याच मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलं होतं, आणि राष्ट्रीय अंतिम सामना खेळले ते अलाबामा आणि जॉर्जिया. सेंट्रल फ्लोरिडाला प्लेऑफआधीच्या क्रमवारीत बारावा नंबर दिला होता. न हरलेल्या संघाला बारावा!

कोलंबसकर, तुमचे सोळा आणि आईंचं कलम, दोन्ही मिळून मसुदा करू या का? २०२६ ला तरी बाराच संघ राहणार आणि नवाच नियम लागणार, तो आपण थांबवू शकत नाही. पण आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघटनेत शेजारच्या त्या आजोबांची नात काम करते, पत्र पुढे कुणाकडे द्यायचं ते तिला ठाऊक आहे. आकडेमोड, ड्यूकचा तो बरोबरीचा गुंता तुम्ही चार ओळींत लिहून द्याल? मला तो तुमच्याइतका नीट मांडता येणार नाही.